क्रमांक २६३१ चा जुना पत्ता

जुन्या सर्व्हरवर चार हजार तीनशे अठरा फोल्डर होते. नव्यावर चार हजार एकाहत्तर. फरक दोनशे सत्तेचाळीसचा, आणि तो मी केला होता.

एक फोल्डर म्हणजे वनजमिनीचा एक दावा. डोंगरातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या जी जमीन कसतात ती कायद्यानं त्यांच्या नावावर व्हावी म्हणून आमची संस्था शहाद्यात बसून त्यांचे दावे तयार करून देते. प्रत्येक फोल्डरमध्ये चार फायली असतात. अर्जाचा फोटो, हद्दीवरून चालत जाऊन जीपीएसवर घेतलेले बिंदू, त्या बिंदूंवरून काढलेला नकाशा, आणि गावातल्या एखाद्या वयस्कर माणसाचा रेकॉर्ड केलेला जबाब. अमुक घर ही जमीन दोन हजार पाचच्या आधीपासून कसतं आहे, हे तो माणूस आपल्या तोंडानं सांगतो.

जुना सर्व्हर एका कंपनीकडून भाड्यानं घेतलेला होता. ज्यानं तो दहा-बारा वर्षांपूर्वी उभा केला तो नोकरीसाठी परदेशी गेला, आणि आत शिरायचा पासवर्ड त्याच्याबरोबर गेला. राहिली फक्त वेबसाइट. तिच्यावरून एकेक फोल्डर उतरवून घेता यायचा, तोही अडीच-अडीच मिनिटं लावून. मी भौतिकशास्त्रात बीएस्सी करून संस्थेत लागले त्याला आठ महिने झाले होते. सगळा साठा नव्या सर्व्हरवर हलवायचं काम माझ्याकडे आलं.

वेळ वाचावा म्हणून मी आधी यादी साफ केली. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव आणि जन्मतारीख. दोन नोंदींत हे चारही रकाने सारखे असले तर एकाच माणसाची नोंद दोनदा झाली असं धरायचं, पहिली ठेवायची, दुसरी सोडायची. हा नियम लिहिण्याआधी मी वहीत हिशेब मांडला होता. चार गोष्टी योगायोगानं जुळण्याची शक्यता अगदी नगण्य येत होती. सोडलेल्या क्रमांकावर उद्या कुणी आलंच तर त्याला 'सापडत नाही' असं उत्तर मिळू नये, म्हणून त्याला गुपचूप ठेवलेल्या क्रमांकाकडे पाठवायची सोयही मी करून ठेवली. संस्थेच्या सचिव चारुलताताई बैठकीत म्हणाल्या, "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी घर झाडलं."

इंटरनेटवर प्रत्येक सर्व्हरला पत्ता असतो, चार आकड्यांचा. आकडे लक्षात राहत नाहीत म्हणून वेबसाइटला नाव देतात, आणि कुठल्या नावाचा पत्ता कोणता हे सांगणारी एक मोठी वही जगभर ठेवलेली असते. रविवारी मी त्या वहीत आमच्या नावापुढचा जुना पत्ता काढून नवा लिहिला. सोमवारपासून आमचं नाव घेणारा प्रत्येक जण नव्या सर्व्हरवर पोचू लागला. जुना सर्व्हर गुरुवारी संध्याकाळी सहाला कंपनी बंद करणार होती.

त्याच गुरुवारी सकाळी अकरा वाजता तुळशीबाई आली.

तुळशीबाई जालमसिंग पावरा, राहणार टेंभापाणी. पहाटेच्या गाडीनं धडगावहून उतरली होती. बरोबर मुलगी आशा होती, शहाद्यातल्या कॉलेजात शिकणारी. आशाच बोलली.

"ताई, आईची उद्या नंदुरबारला सुनावणी आहे. जिल्हा समितीपुढे. खाली दावा फेटाळला होता, त्याच्यावर अपील. पुरावा उद्याच द्यायचा, नाहीतर आहे त्या कागदांवर निकाल देणार."

"आहेत ते कागद कुठले?"

"आमच्याकडे काहीच नाही. उन्हाळ्यात घराला आग लागली ना. पेटी जळाली." तिनं मोबाइल पुढे केला. पावतीचा फोटो होता, थोडा हललेला. क्रमांक २६३१. "एवढंच राहिलं."

मी क्रमांक टाकला. फोल्डर लगेच उघडला. तुळशीबाई जालमसिंग पावरा, टेंभापाणी. नकाशा दिसला, क्षेत्र दोन पूर्णांक दहा हेक्टर. मी जबाब सुरू केला आणि स्पीकर तुळशीबाईकडे वळवला.

ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग मान हलवली.

"हा गोवाल नाय," ती म्हणाली.

"आई म्हणते, हा आवाज गोवालबाबाचा नाही," आशा म्हणाली. "आमचा जबाब गोवालबाबानं दिला होता. आमच्या पाड्याचा पुजारा होता तो. दोन वर्षं झाली, वारला."

तुळशीबाईनं नकाशावर बोट ठेवलं. तिला नकाशा वाचता येत असेल असं मी धरलं नव्हतं. निळ्या रेषेवरून तिनं बोट खाली ओढत नेलं. "हा नाला. नाल्याची तुळशी खालच्या पाड्यात. मनी जमीन वर. तिथं पाणी नाय." मग आशाकडे पाहून त्यांच्या पावरी बोलीत काहीतरी म्हणाली.

"आई म्हणते, दुसऱ्या बाईची जमीन मला नको."

टेंभापाणीत तुळशीबाई जालमसिंग पावरा दोन होत्या. हे मी यादीत पाहिलंच होतं, आणि एक काढून टाकली होती.

*

छगन सर चहा घेऊन आले. हे निवृत्त प्राथमिक शिक्षक, बत्तीस वर्षं डोंगरातल्या शाळांवर काढलेले. या साठ्यातले बहुतेक जबाब त्यांनीच गावोगाव हिंडून घेतले होते आणि नोंदीही त्यांच्याच हातच्या होत्या. माझा चेहरा बघून त्यांनी चहा टेबलावर ठेवला आणि अहिराणीत विचारलं.

"काय व्हयनं? तोंड का असं उतरेल शे?"

मी मूळ यादीतल्या दोन्ही नोंदी त्यांच्यापुढे ठेवल्या. २२०७ आणि २६३१. दोघींची जन्मतारीख एक जून एकोणीसशे एकाहत्तर.

"सर, दोघी वेगळ्या शेतस का?"

"मंग! एक वरल्या पाडानी, एक नालावरनी. दोन्हीस्ना घर मी च्या पियेल शे." मग त्यांची नजर तारखेवर थांबली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हाई तारीख मी लिखेल शे."

"दोघींची एकच कशी?"

"बाईले इचारं, कव्हय जलमनी? ती सांगे, दुकाळमा चालाले शिकनू. दुसरीबी तेच सांगे. आते दुकाळ काय रकान्यात बसस का, पोरी? तठे तारीख लागस. मंग बहात्तरमधून एक वजा, आणि एक जून." ते खुर्चीत बसले. "शाळामा बत्तीस वरीस हाईच कये मी. जूनले शाळा उघडस, पोरगं सहा वरीसनं पाह्यजे, मायबापले तारीख माहीत नही. आख्खा तालुका मी एक जूनले जलमाले घाला."

आशा हसली. "सर, माझीपण एक जूनच आहे."

"तुन्हीबी मीच लिखेल शे," सर म्हणाले, पण ते हसले नाहीत.

माझे वडील पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत आहेत. रसातली साखर ते दुसऱ्या दशांशापर्यंत मोजतात. त्यांची जन्मतारीख एक जून आहे. त्यांच्या विभागातल्या आणखी तिघांची आहे. चौघं एकाच दिवशी निवृत्त होणार म्हणून घरी थट्टा चालते, आणि त्या थट्टेत मीही असते. वहीतला माझा हिशेब मी पुन्हा काढून पाहिला. जन्मतारीख जुळण्याची शक्यता मी तीनशे पासष्टात एक धरली होती.

गावातल्या सगळ्यांचं आडनाव एक, नावं मोजकी, तारीख एक. चार गोष्टी स्वतंत्र नव्हत्याच.

"कागद नाय," तुळशीबाईनं मला विचारलं, "तं उद्या काय?"

आशानं या वेळी भाषांतर केलं नाही. गरज नव्हती.

*

चारुलताताईंनी कंपनीला फोन केला. उत्तर दोन वाक्यांत आलं. मुदत वाढणार नाही, यंत्र पुढच्या गिऱ्हाइकाला दिलेलं आहे. फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "सहापर्यंत तो सर्व्हर चालू आहे ना?" एवढंच त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं.

सर्व्हर चालू होता, पण त्याच्याकडे जाणारा रस्ता मी रविवारी बदलला होता. आमच्या वेबसाइटचं नाव घेतलं की वही नवा पत्ता सांगायची, आणि नव्या सर्व्हरवर २६३१ मागितला की माझी सोय २२०७ पुढे करायची.

जुना पत्ता माझ्याकडे होता. साठा हलवताना मी रोज सकाळी वेग मोजायचे आणि वहीत तारीख, वेळ, पत्ता, सेकंद असं लिहायचे. ते चार आकडे मी ब्राउझरमध्ये तसेच टाकले. केळी पिकवण्याच्या थंड खोल्यांची जाहिरात उघडली, आणि तिच्याआधी एक इशारा: या सर्व्हरचं ओळखपत्र दुसऱ्याच नावाचं आहे.

"हाई काय? केळी?" सर म्हणाले.

"एका सर्व्हरवर खूप जणांच्या वेबसाइटी राहतात, सर. नुसत्या पत्त्यावर गेलं तर कोण हवंय ते त्याला कळत नाही. जो पहिला असेल त्याचं दार उघडतो."

सरांनी हे आशाला सांगितलं, आशानं पावरीत आईला. तुळशीबाईनं उत्तर दिलं ते असं होतं: नुसतं नाव घेऊन विचाराल तर खालच्या तुळशीकडे पाठवतील. नुसत्या वरच्या पाड्यावर याल तर पहिल्या घराचं कुत्रं धावून येईल. दोन्ही सांगावं लागतं.

मला हवं होतं ते नेमकं हेच. नाव आमचं घ्यायचं आणि जायचं जुन्या पत्त्यावर. ओळखपत्राची तपासणी बंद करून आत घुसता आलं असतं, पण उद्या समितीपुढे कुणी विचारलं असतं की ही फाइल तुमच्याच वेबसाइटची कशावरून, तर माझ्याकडे उत्तर राहिलं नसतं. अख्ख्या संगणकालाच जुना पत्ता शिकवून ठेवता येतो, पण मग कार्यालयातलं बाकीचं काम अडतं, आणि नंतर तो पुसायचा राहिला तर पुढची चूक तयार. मला फक्त या एका फेरीपुरतं हवं होतं.

कर्ल नावाचं एक साधन आहे. त्याला खिडक्या, बटणं काही नसतात. काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, ते तेवढा माल आणून देतं. त्याच्या माहितीपुस्तकात मला एक खूण सापडली. तिच्यापुढे वेबसाइटचं नाव लिहायचं, मग दाराचा क्रमांक, मग पत्ता. त्या फेरीपुरतं ते साधन वहीत बघत नाही, आपण दिलेला पत्ता खरा मानतं.

दोन वाजून एकतीस मिनिटांनी मी ओळ लिहिली. दोन सेकंदांत फोल्डर आला.

"मिळालं?" आशा उठून उभी राहिली.

मी हो म्हणणार होते. पण जुना सर्व्हर एका फोल्डरला अडीच मिनिटं घ्यायचा आणि हा दोन सेकंदांत आला होता. मी नकाशा उघडला. क्षेत्र दोन पूर्णांक दहा हेक्टर, आणि निळी रेषा.

"नाय," तुळशीबाई पडद्याकडे न बघताच म्हणाली. माझ्याकडे बघत होती.

चूक शोधायला दहा मिनिटं लागली. वेबसाइटला दारं दोन असतात. ऐंशी क्रमांकाचं जुनं, उघडं, आणि चारशे त्रेचाळीस क्रमांकाचं, ओळखपत्र बघून आत घेणारं. मी ओळीत ऐंशी लिहिलं होतं. साधन जुन्या पत्त्यावर बरोबर गेलं. तिथं जुन्या सर्व्हरनं नेहमीसारखं सांगितलं, आता त्या दारानं येऊ नका, चारशे त्रेचाळीसनं या. त्या दाराबद्दल मी काहीच सांगितलेलं नव्हतं, म्हणून साधनानं वहीत पाहिलं, नवा पत्ता घेतला आणि नव्या सर्व्हरवर गेलं. कुठेही तक्रार नाही, इशारा नाही. ज्या रस्त्यानं चुकवलं तो मीच बांधलेला होता.

मी क्रमांक बदलला. दोन वाजून सत्तेचाळीस मिनिटं वीस सेकंद झाले होते. पडद्यावर काही हललं नाही. मग टक्के चढू लागले. एक. एक. दोन. सरांनी थंड झालेला चहा तसाच प्यायला. पन्नास टक्क्यांवर वीज गेली. संगणक बॅटरीवर होता आणि इंटरनेट आशाच्या मोबाइलवरून घेतलेलं होतं, कारण आमच्या लाइनीचा मला भरवसा नव्हता. आशा मोबाइल दोन्ही हातांत धरून खिडकीशी उभी राहिली.

दोन वाजून पन्नास मिनिटांना फोल्डर पूर्ण झाला. अर्जावर चिकटवलेल्या फोटोत तुळशीबाई होती, बारा वर्षांनी लहान. क्षेत्र एक पूर्णांक सेहेचाळीस हेक्टर. हद्दीवर अकरा खुणा.

मी जबाब सुरू केला.

आधी पावलं ऐकू आली, वाळलेल्या गवतातली. मग श्वास. मग एक जाड, सावकाश आवाज. तुळशीबाईनं तो ऐकताच पदर कपाळाच्या पुढे ओढून घेतला आणि मान खाली घातली, घरातलं मोठं माणूस दारात आल्यावर घालतात तशी. जबाब संपेपर्यंत तिनं तो मागे सारला नाही.

आशा हळू आवाजात सांगत गेली. "इथं तीन मोहाची झाडं. इथून सुरू... जालमसिंगच्या बापानं ही झुडपं काढली तेव्हा मी लहान होतो, मला खांद्यावर घेतलं होतं... आता सपाट दगड. पूर्वी याच्यावर मोहफुलं वाळवायचे... इथं त्यांचा बैल पुरलाय, लाल बैल. पाय देऊ नको मास्तर, बाजूनं ये..." ती थांबली, आणि हसू आवरत म्हणाली, "गोवालबाबा म्हणतो, मास्तर, तू दमलास. जमीन मोजायला पाय लागतात. तुझी डबी काय मोजणार?"

डबी म्हणजे जीपीएस. रेकॉर्डिंगमध्ये सरांचा बारा वर्षांपूर्वीचा आवाज म्हणाला, "चाल बाबा, चाल."

छगन सर खिडकीबाहेर बघत होते. "चार तास चालाडं त्यानी माले," ते म्हणाले. "आणि मी त्याना कागदवर जलमतारीख काय लिखी? एक जून."

*

राहिले दोनशे शेहेचाळीस. सहा वाजायला तीन तास दहा मिनिटं होती. जुना सर्व्हर एका वेळी एकच मागणी पुरवायचा. भागाकार सोपा होता. सगळे येणार नव्हते.

वीज परत आली तशी मी यादी छापून सरांपुढे ठेवली. ते एकेक नाव वाचत, डोळे मिटत, आणि पेन्सिलीनं खूण करत. "हाऊ एकच शे, दोनदा लिखाई गया, पयलींदाव फोटो बिघडना. या दोन्ही येगळा, एक वारना. हाई... हाई..." काही ठिकाणी पेन्सिल थांबे. तिथं ते प्रश्नचिन्ह काढत. तुळशीबाईही मदत करू लागली. तिच्या बाजूच्या सहा-सात गावांची नावं आशानं वाचली की ती बोटं वर करायची, एक किंवा दोन.

चार वाजेपर्यंत यादी झाली. एकशे सदुसष्ट खरोखर दुबार. एकोणपन्नास नक्की वेगळी माणसं, तुळशीबाई त्यातलीच. एकतीस प्रश्नचिन्हं. वेगळं ठरलेलं प्रत्येक नाव मी यादी होत असतानाच मागवत गेले होते; आधी ही एकोणपन्नास, मग प्रश्नचिन्हं, असा क्रम होता. प्रत्येक फोल्डर आल्यावर फाइल मूळ यादीतल्या ठशाशी ताडून बघत होते. ठसा म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा एक लांब आकडा. एक अक्षर बदललं तरी तो बदलतो.

आशानं मोबाइल चार्जिंगला लावलेला होता आणि खिडकीतून हलवू देत नव्हती. कुणाचा तरी फोन आला, तो तिनं कापला. पुन्हा आला. "जावई इचारत व्हई," सर म्हणाले. "कसला जावई, सर, दिपाली आहे, होस्टेलची," ती म्हणाली आणि लाजली. तुळशीबाईनं काय झालं म्हणून विचारलं, आणि कळल्यावर तीही पदराआड हसली. त्या दुपारी ती तेवढी एकदाच हसली.

एकोणपन्नासावा फोल्डर पाच वाजायच्या आत आला. चौऱ्याहत्तराव्याच्या तीन फायली आल्या, अर्ज, बिंदू, नकाशा. चौथी सुरू झाली आणि पाच वाजून सत्तावन्न मिनिटांनी थांबली. मी ओळ पुन्हा चालवली. पुन्हा चालवली. त्या पत्त्यावर आता कुणीच नव्हतं.

चौऱ्याहत्तरावी आणि तिच्यानंतरची सहा, अशी सात प्रश्नचिन्हं उरली. सरांनी ती नावं एका कागदावर उतरवून खिशात घातली.

*

शुक्रवारी आम्ही चौघं शहाद्याहून सकाळच्या एसटीनं नंदुरबारला गेलो. मिरचीचा हंगाम होता. बाजाराजवळून रिक्षा गेली तेव्हा सगळ्यांना खोकला आला.

समितीतल्या अधिकाऱ्यांनी जबाब पूर्ण ऐकला. तो एकवीस मिनिटं चाळीस सेकंदांचा आहे. मग त्यांनी मला विचारलं, "ही फाइल तुम्ही काल उतरवली म्हणता. बारा वर्षांपूर्वीची कशावरून?"

मी सांगितलं. ओळखपत्र जुळलेलं, ठसा जुळलेला. छगन सरांनी पिशवीतून त्यांची त्या वर्षीची डायरी काढली. तीत तारीख होती, गोवालचा अंगठा होता, आणि त्यांच्या गोल अक्षरात रेकॉर्डिंगची लांबी लिहिलेली होती, एकवीस चाळीस.

"मग नव्या सर्व्हरवर दुसरीच जमीन कशी दिसते? तुमच्या संस्थेच्या साठ्यावर भरवसा ठेवायचा की नाही?"

"यादी मी साफ केली, साहेब. माझा नियम चुकीचा होता."

"अशा किती?"

"नक्की एकोणपन्नास. आणखी एकतीस शंकेच्या आहेत, त्यांतल्या सातांच्या पूर्ण फायली आमच्याकडे नाहीत."

त्यांनी ते लिहून घेतलं. मग तुळशीबाईकडे बघून, सावकाश, प्रत्येक शब्द सुटा करत म्हणाले, "बाई, तुमच्या जमिनीवर मोजणीला माणसं येतील. गोवालनं सांगितलेल्या खुणा जागेवर दाखवायच्या. खुणा जुळल्या, आणि नव्या-जुन्या मोजणीत पाच टक्क्यांच्या आत फरक असला, तर दावा मान्य. नाहीतर नाही. समजलं?"

आशानं पावरीत सांगितलं. तुळशीबाई म्हणाली, "जागा हालत नाय."

छगन सर दुसऱ्या दिवशीच खिशातला कागद घेऊन धडगावच्या गाडीत बसले. नऊ दिवसांनी परत आले. सातांपैकी पाच खरोखर दुबार होती. दोन वेगळ्या बायका निघाल्या. एकीचा जबाब देणारा म्हातारा जिवंत होता, त्याचा जबाब सरांनी पुन्हा घेतला. दुसरी चौऱ्याहत्तराव्या क्रमांकाची होती. तिचा नकाशा आमच्याकडे आला होता, जबाब आला नव्हता, आणि तो देणारा माणूस वारला होता. ते तिला सरांनी स्वतः तिच्या घरी जाऊन सांगितलं. ती काय म्हणाली ते त्यांनी मला सांगितलं नाही. मी विचारलं होतं.

यादीचा नियम मी बदलला. आता तो काही काढत नाही. जुळणाऱ्या नोंदी फक्त शेजारी ठेवतो, आणि पाड्याचं नाव विचारतो.

मोजणी सुनावणीनंतर चोविसाव्या दिवशी झाली. तलाठी, वनरक्षक, भूकरमापक, छगन सर आणि मी वरच्या पाड्यावर पोचलो तेव्हा तुळशीबाई हद्दीवर उभी होती. ती पुढे, आम्ही मागे. मी गोवालचा जबाब मोबाइलवर लावला होता, आणि प्रत्येक खुणेशी भूकरमापक बिंदू घेत होता. मोहाची झाडं दोन उभी होती, तिसऱ्याचा बुंधा होता. सपाट दगड जागेवर होता. लाल बैल पुरलेल्या जागी गोवालच्या आवाजानं सांगितलं तसे सगळे बाजूनं गेले, वनरक्षकसुद्धा.

खुणा: अकरापैकी अकरा. जुनी मोजणी: १.४६ हेक्टर. नवी मोजणी: १.४४ हेक्टर. फरक: १.४ टक्के.